लॅटिनच्या तासाने शाळा अभिजात होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अभिजात शिक्षणक्रमाकडे पुन्हा वळणाऱ्या कॅथलिक शाळांची चर्चा बहुतेक वेळा विषयांच्या यादीवर येऊन थांबते. लॅटिन कितवीपासून, ग्रीक हवे की नको, जुन्या लेखकांपैकी कोण निवडायचे, वगैरे. यादी कुणीही करील. ही पद्धत टिकते की ढासळते हे रोजच्या तासात काय घडते यावर ठरते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

यादी मुळात सात विद्यांची आहे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन भाषेच्या. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार गणिताच्या. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५९९ मध्ये आपल्या शाळांसाठी ‘राशिओ स्टुडिओरम’ ही नियमावली काढली आणि भाषेच्या अभ्यासाला पायऱ्या घालून दिल्या: व्याकरणाचे तीन वर्ग, मग साहित्याचा, मग वक्तृत्वाचा. तर्कशास्त्र त्यानंतर, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात.

या नियमावलीचा खरा कणा म्हणजे शिक्षकाने उतारा वर्गात उलगडून दाखवणे. आधी पूर्ण उतारा मोठ्याने, नीट उच्चारांसह वाचायचा. मग त्याचा आशय दोन-तीन वाक्यांत सांगायचा. मग एकेक वाक्य घेऊन अन्वय लावायचा. शेवटी शब्दयोजना, इतिहास, चालीरीती यांची टिपणे, तीही वर्गाला पेलतील तेवढीच. व्याकरणाच्या सर्वांत खालच्या वर्गात सिसेरो या रोमन वक्त्याच्या सुमारे चार ओळी पुरेत, मधल्या वर्गात सुमारे सात, असे नियमच सांगतात. आजच्या शाळा इथेच पहिली चूक करतात: पान संपवायच्या घाईत चार ओळींच्या चाळीस होतात आणि अन्वय शिक्षकच लावून मोकळे होतात.

याचा परिणाम लगेच दिसतो. ‘अग्रिकोलाम कानिस विदेत’ हे वाक्य घ्या. शब्दांच्या जागेवरून अर्थ लावणारे मूल ‘शेतकरी कुत्र्याला पाहतो’ असे सांगते. खरा अर्थ उलटा आहे, कारण ‘अग्रिकोलाम’ ही द्वितीया आहे. म्हणून सवय अशी लावावी की आधी क्रियापद शोधायचे (विदेत: तृतीय पुरुष, एकवचन), मग त्याला जुळणारी प्रथमा, मग कर्म, आणि सगळ्यात शेवटी भाषांतर. दोन दिवसांनी ‘कानेम अग्रिकोला विदेत’ हे वाक्य फळ्यावर द्यावे. ज्याने पहिल्या वाक्याचे नुसते भाषांतर पाठ केले असेल तो इथे हमखास अडकतो. मराठी मुलाला ही वाट तुलनेने सोपी जाते, कारण प्रत्ययावरून कर्ता-कर्म ओळखणे त्याच्या अंगवळणी असते. पाच प्रकारांनी चालणारी नामे आणि चार गणांतली क्रियापदे पाठ करावीच लागतात, त्याला पर्याय नाही. मात्र पाठ केलेला तक्ता त्याच दिवशी वाक्यात वापरला नाही तर आठवड्यात विस्कटतो. रोज आदल्या दिवसाची उजळणी आणि शनिवारी आठवड्याची, हा जुना क्रम मोडू नये.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे. १९४७ मध्ये इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांची सांगड मुलांच्या वयाशी घातली. कल्पना उपयोगी आहे, पण तिचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या शाळांत लहान मुलांच्या वाट्याला फक्त घोकंपट्टी येते आणि ‘का’ विचारण्याची मुभा थेट किशोरवयात मिळते. सात वर्षांचे मूलही कारण विचारते. त्याला उत्तर देत देतच व्याकरण शिकवायचे असते.

तर्काच्या तासाला सर्वाधिक नासाडी होते ती हेत्वाभासांच्या, म्हणजे फसव्या युक्तिवादांच्या, यादीमुळे. मुले पंधरा-वीस नावे पाठ करतात आणि वादात समोरच्यावर फेकतात. शिकवण्याचा क्रम पद, विधान, अनुमान असाच हवा. पहिले कित्येक आठवडे निव्वळ व्याख्या करायला लावाव्यात: वस्तू कोणत्या जातीत मोडते, आणि त्याच जातीतल्या इतरांपासून तिला वेगळे करणारा गुण कोणता. मग विधाने, आणि त्यानंतर संवाक्य, म्हणजे दोन विधानांवरून तिसरे काढणे. ‘सर्व संत दयाळू असतात, हा मनुष्य दयाळू आहे, म्हणून हा संत आहे’ हे अनुमान मुलांना पटकन पटते. ते का चुकते हे दाखवताना ‘दयाळू’ हे दोन्हींना जोडणारे मध्यपद दोन्ही विधानांत सर्व दयाळू माणसांविषयी काहीच सांगत नाही, इथवर मुलांना स्वतःच्या पायांनी पोहोचू द्यावे. दोन वर्तुळे काढली की बहुतेकांना ते दिसते.

कॅथलिक शाळेत आणखी एक धोका असतो. प्रश्न अवघड झाला की धर्मशिक्षणातले वाक्य पुढे करून चर्चा मिटवली जाते. हे त्या परंपरेलाच धरून नाही. मध्ययुगीन धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये प्रत्येक प्रश्नाची सुरुवात विरोधी युक्तिवादांनी होते. ‘देव आहे का’ या प्रश्नाखाली आधी दोन आक्षेप मांडले आहेत: जगात दुष्टता आहे, आणि देव न मानताही जगाचे स्पष्टीकरण देता येते. मग देवाचे अस्तित्व दाखवणाऱ्या पाच मार्गांचे उत्तर, आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना वेगवेगळी उत्तरे. मानवी बुद्धीवर आधारलेले आप्तवचन, म्हणजे ‘अमुक थोर व्यक्ती म्हणते म्हणून’ हा आधार, हे सर्वांत दुबळे प्रमाण, असेही तो त्याच ग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात नोंदवतो. वरच्या वर्गातल्या मुलांना याच साच्यात लिहायला लावावे. विरोधकाचे म्हणणे विरोधकालाही मान्य होईल इतके नीट मांडल्याशिवाय आपले उत्तर लिहायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी निबंधांचा दर्जा बदलतो.

वक्तृत्वासाठी अॅफ्थोनियस या प्राचीन ग्रीक वक्तृत्वशिक्षकाच्या चौदा चढत्या अभ्यासांची माळ आजही चालते. बोधकथेपासून सुरुवात करून तीच कथा आधी चार ओळींत, मग दीड पानात, मग शेवटाकडून मागे सांगायला लावतात. यात अडचण आहे ती तपासणीची, आणि मुख्याध्यापकांनी तिचे गणित आधीच मांडावे. चाळीस मुलांच्या वह्या प्रत्येकी सहा मिनिटे म्हटले तरी चार तास होतात. रोज ते अशक्य, म्हणून शिक्षक नुसती सही करतात आणि मुलांना आपल्या चुका कधीच कळत नाहीत. उपाय जुनाच आहे: लेखन आठ-दहा ओळींचेच ठेवावे, इतर मुले दुसऱ्या कामात असताना एकेकाला जवळ बोलावून हळू आवाजात चुका दाखवाव्यात, आणि जोड्या लावून एकमेकांच्या ढोबळ चुका आधी काढून घ्याव्यात.

गणिती विद्यांकडे दुर्लक्ष होते, आणि त्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. युक्लिडच्या भूमितीग्रंथाच्या पहिल्या खंडात पाच गृहीतके आणि ४८ सिद्धांत आहेत. आठवड्याला दोन घेतले तरी वर्षात खंड पुरा होतो. विद्यार्थ्याने पुस्तक बंद करून फळ्यावर सिद्धता मांडावी, आणि आकृतीतली अक्षरे बदलून, आकृती फिरवून द्यावी. नाहीतर पाचव्या सिद्धांताची सिद्धता कवितेसारखी पाठ होते. पहिल्याच सिद्धांतात दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात हे कशावरून, असे एखादी चुणचुणीत मुलगी विचारील. युक्लिडने ते कुठेच गृहीत म्हणून नोंदवलेले नाही. शिक्षकाने तसे सरळ सांगावे.

संगीतासाठी एक ताणलेली तार पुरते. ६० सेंटिमीटरची तार ३० वर दाबली की वरच्या सप्तकातला षड्ज, ४० वर पंचम, ४५ वर मध्यम. गुणोत्तरे २:१, ३:२, ४:३. हे कानांनी ऐकलेले मूल ग्रेगोरियन गायनाची चार ओळींवरची स्वरलिपी वेगळ्याच समजुतीने वाचते. ईस्टरची तारीख काढणे हा तर अंकगणित आणि खगोल यांना जोडणारा या शाळांचा हक्काचा धडा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या चर्चच्या गणिती पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून ईस्टर नेहमी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात हे जुळवून पाहिले, आणि १५८२ मध्ये पंचांग सुधारताना ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर का उजाडला याचा हिशोब केला, की पंचांग मानवी बुद्धीने घडवलेले आहे हे मुलांना उमगते. त्या सुधारणेत क्लाव्हियस हा जेझुइट गणिती होता, हेही सांगावे.

ज्या संस्थांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी पहिले वर्ष मुलांवर नव्हे, शिक्षकांवर घालवावे. भाषेच्या शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसून लॅटिन उताऱ्यांचा अन्वय लावावा, गणिताच्या शिक्षकांनी युक्लिडचा पहिला खंड स्वतः फळ्यावर मांडून पुरा करावा. दुसऱ्या वर्षी सर्वांत खालच्या एकाच वर्गापासून सुरुवात करावी आणि तो वर्ग वर सरकेल तसा अभ्यासक्रम त्याच्यासोबत वर न्यावा. सगळे वर्ग एकाच जूनमध्ये बदलू नयेत: नववीतल्या मुलाला व्याकरणाशिवाय थेट वक्तृत्वात बसवले, तर त्याला ना लॅटिन येते ना भाषण.

आपला,
एक शिक्षक