ओढते किती ते नंतर, पेलते किती ते आधी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत ट्रेलर घेऊन फिरण्यावरचा लेख वाचला, फोटो छान होते, वाळवंटातली शेकोटी वगैरे बघून बरं वाटलं. पण त्यात एक वाक्य होतं की पिकअप ट्रक असला की मागे टॉय हॉलर लावायचा आणि निघायचं. ते वाक्य वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे म्हणून हे पत्र. मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, गेली बरीच वर्षं सॅन डिएगोजवळ राहतो, आणि हेच "लावायचा आणि निघायचं" करून बायकापोरांना घेऊन एकदा मरता मरता वाचलोय. आपला पेपर इथली बरीच मराठी मंडळी फोनवर वाचतात आणि त्यातली कितीतरी तरुण कुटुंबं आत्ता पिकअप घेतायत, त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

टॉय हॉलर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुढे घर, म्हणजे बेड, किचन, बाथरूम, आणि मागे गॅरेज. मागची भिंत खाली पाडली की तीच रॅम्प होते आणि त्यावरून वाळूत पळवायच्या गाड्या आत चढवायच्या, डर्ट बाईक, क्वाड म्हणजे चार चाकांची बाईक, नाहीतर साईड-बाय-साईड म्हणतात ती चार चाकांची पिंजऱ्यासारखी गाडी. इकडे ऑक्टोबर ते एप्रिल हा वाळूचा सीझन. आमच्याकडचे लोक ग्लेमिसला जातात, इम्पिरियल सँड ड्यून्स, चाळीस मैलांहून लांब पसरलेल्या वाळूच्या टेकड्या, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाला, तर तिथे अख्खं गाव वसतं.

मी हाफ-टन पिकअप घेतली होती. हाफ-टन हे आता नुसतं जुनं नाव आहे, अर्धा टन वगैरे काही नाही. माहितीपत्रकात लिहिलेलं, ११,२०० पौंड ओढते. ट्रेलर २४ फुटी, रिकामा ६,२०० पौंड. विकणाऱ्याने आकडे बघितले आणि म्हणाला आरामात ओढेल, जेमतेम अर्धी ताकद लागेल. मला पण ते पटलं कारण ११ मधून ६ गेले की ५ उरतात हे कुणालाही पटेल. त्याने मला ड्रायव्हरचं दार उघडून दाखवलं नाही, आणि मी पण उघडून वाचलं नाही.

दाराच्या चौकटीवर एक पिवळंपांढरं स्टिकर असतं, टायरच्या हवेचा आकडा असतो तेच, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हा पेलोड. माझ्या गाडीचा १,५४० पौंड, म्हणजे ७०० किलो. आणि लक्षात घ्या, हा आकडा त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. सनरूफ, लेदर सीट, मोठी चाकं, जे जे वरचं घेतलं त्याचं वजन यातून आधीच गेलेलं असतं. एकाच रंगाच्या एकाच नावाच्या दोन पिकअप शेजारी उभ्या असतात आणि पेलोडमध्ये तीन-चारशे पौंडांचा फरक निघतो.

आता माझा हिशोब बघा. आम्ही चौघं मिळून ५१० पौंड. हिच (ट्रेलर अडकवायचा जोड), टूलबॉक्स, कूलर, सरपण असं पिकअपमधलं सामान ३०० पौंड. उरले ७३०. ट्रेलर हिचच्या गोळ्यावर जो भार टाकतो त्याला टंग वेट म्हणतात आणि तो भार पिकअपच उचलते, म्हणजे तो या ७३० मधूनच जाणार. ट्रेलर नीट सरळ चालायचा तर टंग वेट त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतं. १२ टक्के धरलं तर ७३० पौंडात साधारण ६,१०० पौंडांचा ट्रेलर बसतो. माझा रिकामाच ६,२०० चा होता!

आणि रिकामा कुठे नेतो कोण. साईड-बाय-साईड १,६०० पौंड. पाण्याची टाकी १०० गॅलन, पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ८३४ पौंड नुसतं पाणी, ग्लेमिसला नळ नसतो त्यामुळे सगळं घरून न्यायचं. गाड्यांसाठी आणि जनरेटरसाठी ३० गॅलन पेट्रोल, ते १८० पौंड. बॅटऱ्या, गॅस, किराणा, खुर्च्या, पांघरुणं धरून अजून पाचशे. झाले ९,३०० च्या आसपास. माहितीपत्रकाप्रमाणे अजून जवळपास दोन हजार पौंड शिल्लक. दाराच्या स्टिकरप्रमाणे मी जवळपास पाचशे पौंड जास्त, कारण नंतर काट्यावर टंग वेट १,२१० निघालं. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे, आणि गाडीचं मागचं ॲक्सल, स्प्रिंग, टायर हे दुसऱ्या आकड्याने चालतात.

मी कंपन्यांना खोटारडं म्हणत नाहीये. ओढण्याचा आकडा काढायला एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११ मैलांहून जास्त लांबीचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. कडक परीक्षा आहे. पण त्यात धरलेली माणसं किती, तर ड्रायव्हर आणि एक जण, दोघं दीडशे-दीडशे पौंडांची. आपल्या घरात दोन पोरं असतात, आणि आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आले की ते मागच्या सीटवर असतात, आणि त्यांना तर दाखवायलाच नेतो ना आपण.

आता टॉय हॉलर इतर ट्रेलरपेक्षा वेगळा का, हे मला सगळ्यात तळमळीने सांगायचंय. आमचे आबा ऊस बैलगाडीने कारखान्यावर न्यायचे. गाडी भरताना ते मागे उभे राहून बघायचे. पुढे जास्त भरलं की जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. टॉय हॉलर नेमकी तीच गाडी आहे. गॅरेज चाकांच्या मागे, म्हणून कारखान्यातून येतानाच त्याचं नाक मुद्दाम जड ठेवलेलं असतं, म्हणजे मागे गाडी चढवली की तोल जागेवर येईल. माझ्या ट्रेलरचं रिकामं टंग वेट १,०५० पौंड निघालं, १७ टक्के. मागे काही न भरता नेला तर पिकअपचं बूड दबणार, पुढची चाकं हलकी होणार, स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागणार. मागे जास्त भरलं तर नाक हलकं होणार आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागणार. वजन तेच राहून नुसती जागा बदलली तरी सगळं बदलतं.

आमचं तेच झालं. थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार, परत येत होतो. ब्रॉली, मग एल सेंट्रो, ही गावं समुद्रसपाटीच्याही खाली आहेत, आणि तिथून आय-८ हायवे ओकोटिओच्या पुढे डोंगरात शिरतो, थोड्याच मैलात ३,००० फुटांच्या वर. इंजिनं तापतात म्हणून त्या चढावर रस्त्याच्या कडेला रेडिएटरसाठी पाणी ठेवलेलं असतं. वाऱ्यासाठी पण तो भाग बदनाम आहे. चढ कसाबसा झाला आणि मी सुटलो असं समजलो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे होती, ती पाच दिवसांत रिकामी झालेली. किराणा संपलेला. आणि पोरांना झोपायला जागा हवी म्हणून येताना गाडी आत चढवल्यावर मी ती पार मागे, रॅम्पला टेकवून बांधलेली. माथ्यावरून खाली उतरताना शेजारून एक मोठा ट्रक गेला, त्याच वेळी बाजूचा वारा, आणि ट्रेलर डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसायला लागली. मागच्या सीटवर धाकटी रडत होती आणि बायको काही बोलली नाही, तिने फक्त दोन्ही हातांनी वरचं हँडल धरलं, ते मला अजून दिसतं.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो. तो जाऊ द्यायचा नाही. जोरात ब्रेक मारला की पिकअप थांबते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलून आडवी करतो. ॲक्सलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, उलटसुलट फिरवत बसायचं नाही, आणि डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेक कंट्रोलरची जी छोटी कळ असते ती हाताने दाबायची, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. हे मला आदल्या दिवशीच शेजारच्या कॅम्पमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सहज बोलता बोलता सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नसतं तर, मी पुढे लिहीत नाही.

पुढच्याच आठवड्यात काट्यावर गेलो. कारखान्यावर आपला भरलेला काटा आणि रिकामा काटा होतो तसंच. इथे मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, पुढचं ॲक्सल, मागचं ॲक्सल, ट्रेलर अशी तिन्ही वजनं वेगळी कागदावर मिळतात, पंधरा-वीस डॉलरात काम होतं. ट्रेलर लावून पण हिचचे स्प्रिंग बार (भार वाटून देणारे दांडे) सोडून एक काटा, ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपचा दुसरा काटा, दोन्हीतल्या पिकअपच्या वजनाचा फरक म्हणजे टंग वेट. जातानाची भरती परत तशीच भरून केली, ९,३०० पौंड आणि टंग १,२१०. येतानाची केली, ८,२०० आणि टंग ६८०, म्हणजे ८ टक्के. गंमत नाही, भीती वाटली ते बघून, कारण येताना ५१० अधिक ३०० अधिक ६८०, पिकअप स्टिकरच्या आकड्यात बसत होती आणि नेमकं तेव्हाच ट्रेलर हलला. जाताना ओझं जास्त, येताना नाक हलकं. एकाच ट्रिपमध्ये दोन्ही चुका.

म्हणून ट्रेलर बघायला जाल तेव्हा ड्राय वेट, म्हणजे रिकाम्याचं वजन, विचारूच नका, ते वजन घेऊन तो ट्रेलर कधीच रस्त्यावर येणार नाही. त्याच्या प्लेटवर जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ते धरा, त्याच्या १३ टक्के काढा, त्यात घरातली सगळी माणसं आणि पिकअपमधलं सामान मिळवा आणि तुमच्या दारावरच्या आकड्यात बसतं का बघा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे हे खाली वाकून बघा. हिच रिसीव्हरवर, म्हणजे पिकअपच्या मागे हिच बसते त्या भागावर, पण वेगळं स्टिकर असतं, ते पण वाचा. वेट डिस्ट्रिब्युशन हिच हवीच, तिचे बार मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटतात, पण ती लावली म्हणून दारावरचा आकडा वाढत नाही, हे विकणारे नेमकं उलटं सांगतात. टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष, जुना ट्रेलर घेताना ती बघाच. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की ५५ मैलांची मर्यादा आहे, आणि ट्रेलरचं प्लेटवरचं वजन १०,००० पौंडांच्या वर असेल तर साधं लायसन पुरत नाही.

फिफ्थ व्हील प्रकारचा, म्हणजे पिकअपच्या हौद्यात टेकणारा टॉय हॉलर घ्यायचा विचार असेल तर अजून सावध. त्यात २० टक्के आणि वर भार पिकअपवर येतो. १४,००० पौंडांचा असेल तर २,८०० पौंड नुसता तोच. लोक डिझेलचं थ्री-क्वार्टर टन, म्हणजे हाफ-टनच्या वरची पिकअप, घेतात आणि समजतात झालं, पण डिझेल इंजिन स्वतःच जड, त्यामुळे कितीतरी वेळा त्याच पिकअपच्या पेट्रोलवाल्या भावापेक्षा तिचा पेलोड कमी निघतो. ओढायला राक्षस आणि पेलायला बेताची.

आम्ही ती हाफ-टन विकली, घाटा सोसला, आणि वापरलेली पेट्रोलची थ्री-क्वार्टर टन घेतली. घेताना आधी दार उघडलं, २,९०० पौंड वाचलं, मग किंमत विचारली. साईड-बाय-साईड कुठे बांधायची तिथे गॅरेजच्या फरशीवर मी रंगाने दोन रेघा मारल्यात, एक पाणी भरलेलं असतानाची, एक रिकामं असतानाची, दोन्ही काट्यावर जाऊन ठरवलेल्या. थोरला आता निघताना स्वतःच टॉर्च घेऊन बघतो चाक रेघेवर आहे का.

संपादक साहेब, पुरवणीचा पुढचा भाग येणार आहे असं वाचलं. त्यात शेकोटीच्या फोटोशेजारी त्या दारावरच्या स्टिकरचा एक फोटो छापाल का? हवा असेल तर माझ्या गाडीचा पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक, सॅन डिएगो
(मूळ शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर)