गव्हावर फवारा, पण बांधापलीकडे बघून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गव्हातल्या तणनाशकांवरचा आपला लेख वाचला. मात्रा, दिवस, पाणी सगळं नीट दिलंय. शेजारच्या पिकाबद्दल मात्र एक ओळ नाही, आणि आमच्या मानवत-पाथरीकडे भांडणं तिथूनच लागतात.

टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानाच्या तणाची वाढ बेताल करून त्याला मारतं. चंदन बटवा, हरणखुरी, गाजरगवत पिळवटून जातं, गहू-ज्वारी-मका तगतात. हरळीला त्याचं काहीच वाटत नाही, ते सोडा. पण हरभरा, तूर, कपाशी ही रुंद पानाचीच की! यंदा कालव्याचं पाणी आलं, चुलत्यांनी महिन्याच्या गव्हावर बॅटरीच्या पंपाने धुक्यासारखा बारीक फवारा मारला, वारं आमच्याकडे. बांधालगतच्या हरभऱ्याचे शेंडे वाकडे झाले, देठ सुजून तडकले, त्या तासांना घाटाच धरला नाही. दुकानदाराने मर रोग सांगून बुरशीनाशक गळ्यात मारलं. भावकीत भरपाई मागणार कुणाला? खरिपात मक्यावर हेच मारलं की शेजारच्या कोवळ्या कपाशीची पानं भेंडीसारखी चिरतात आणि लोक व्हायरस म्हणून टॉनिक मारत बसतात.

त्यातही टू-फोर-डीचा एस्टर प्रकार असेल तर फवारून झाल्यावरही उन्हात त्याची वाफ होऊन पसरते. त्याचा सोडियम किंवा अमाइन क्षार त्या मानाने बरा. पट्ट्यासारखा फवारा देणारं फ्लॅट फॅन नोझल, त्यावर हूड म्हणजे झाकण, दाब कमी आणि वारं पडलेलं, एवढं तरी पाळावं. पंप वेगळाच ठेवावा. तणनाशकाच्या पंपाने कपाशीवर कीटकनाशक मारून पीक घालवलेले शेतकरी गावोगाव सापडतील.

गव्हातलं दुसरं तणनाशक मेटसल्फ्युरॉन, त्याचं दुखणं निराळं. एकरी ८ ग्रॅमची पुडी, म्हणून लोक बिनधास्त असतात, 'थोडं जास्त टाकू' म्हणतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते लवकर विरत नाही, पुढच्या पिकाला बाधू शकतं. गव्हामागे सूर्यफूल किंवा मूग घेणाऱ्याने पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय पुडी फोडू नये. पण ती सूचना इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा लावूनही लागत नाही.

दुकानदाराने बाटली देताना शेजारी काय उभं आहे एवढं विचारावं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने शिवारफेरीत बाधलेली पानं हातात घेऊन दाखवावीत. आणि आपण मात्रेच्या तक्त्यात आणखी एक रकाना छापावा: शेजारच्या कोणत्या पिकाला धोका. त्यात हरभरा आधी लिहा.

एक शेतकरी,
ता. मानवत, जि. परभणी