पासवर्ड टाकताना खिडकीकडं तोंड फिरवलेल्या दादांना

दादा, नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हता, त्यामुळं हे सगळ्यांसमोरच.

घरच्या कॉम्प्युटरवर मी हुपरीच्या चांदीवाल्यांचे हिशोब करते, म्हणजे लोकांचा जीव त्यात अडकलेला. त्यात मधेच कुठला तरी अनोळखी युजर दिसायला लागला आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतोय, फॉरमॅट मारा, अँटीव्हायरस टाका. एका दुकानदारानं फॉरमॅट मारलं, पैसे घेतले आणि वर माझा पासवर्ड स्टिकरवर लिहून कॅबिनेटलाच चिकटवला, "विसरला तर असू दे ताई!" नक्की काय बदललं होतं विचारलं तर नुसता हसला.

तुम्ही हसला नाहीत. आधी सगळं पुसून उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं टाकलंत, मगच एड (AIDE) बसवलंत, म्हणजे फाइलींची नोंद ठेवून पुढं काय बदललं ते दाखवणारं सॉफ्टवेअर, कारण कुणीतरी हात घातलेल्या सिस्टिमचीच नोंद करून ठेवली तर तो बिघाडच खरा धरला जाणार. कारागिराला चांदी देताना वजन लिहून ठेवतात आणि माल परत आला की पुन्हा काट्यावर घालतात, तसं हे, हे मला लगेच कळलं. फक्त इथं फाइलचं वजन म्हणजे एसएचए-२५६ ची, आतल्या मजकुरावरून गणितानं काढलेली ६४ अक्षरांची ओळ, आत एक स्वल्पविराम हलला तरी अख्खी ओळ वेगळी. १९९२ ला अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ट्रिपवायर नावाचं असंच सॉफ्टवेअर झालं तेव्हापासून ही पद्धत आहे म्हणे, आणि आमच्या दुकानदाराला पत्ता नाही! वर तुम्ही हेपण सांगितलंत की हे कुणाला अडवणार नाही, फक्त काय बदललं ते सांगेल. विकायला आलेला माणूस असं कधी बोलतो का?

पण मला राहून राहून आठवतं ते वेगळंच. पासवर्ड टाकायची वेळ आली तशी तुम्ही काही न बोलता खुर्ची फिरवून खिडकीकडं बघत बसलात. प्रत्येक वेळी. आणि ती मूळ नोंद पेनड्राइव्हवर घेऊन माझ्या हातात दिलीत, "ही मशीनपासून लांब ठेवा, माझ्याकडंपण नको."

पुढं अपडेट टाकल्यावर रिपोर्टमध्ये शेकड्यानं ओळी आल्या, मी घाबरून रात्री फोन केला, तर वैतागला नाहीत. अपडेटमुळंच बदलल्यात का ते माझ्याकडूनच तपासून घेतलंत, मग नवी नोंद करायला लावलीत. कोल्हापुरात जीव लावणारी माणसं लई, पण मदत करताना समोरच्याला अडाणी न ठरवणारी कमीच भेटतात बघा.

परवा त्या दुकानदाराचा फोन आला होता, वर्षाचं मेंटेनन्स घेणार का म्हणून. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, आई हे वाचते.