चाळीस चॅनलच्या डब्यात अठराच कामाचे

प्रिय मंग्या,

हॅम रेडिओचा, व्हीयू३ चा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुझं नाव, आला म्हणतोस, भल्ली बातमी दिली बे! एएसओसीच्या, म्हणजे हॅम लायसन्सच्या परीक्षेला घाबरून दोन-दोन वर्षं फॉर्म न भरणारे इथे पडलेत आणि तू गपचूप पास होऊन बसला. आता मी बदललेला तो जुना रेडिओ सेट तुझ्याकडे पाठवायला हरकत नाही, लायसन्स आल्याशिवाय पाठवणारच नव्हतो मी. भाचा पुढच्या आठवड्यात पुण्याला येऊन राहिला, त्याच्या बॅगेत देतो. पण चालू करायच्या आधी हे पत्र पूर्ण वाच, नाहीतर तू काय करशील मला माहीत आहे, माइक हातात घेऊन सीक्यू सीक्यू, म्हणजे ‘कोणी आहे का’ची हाक, सुरू.

सेट कुठला ते तुला सांगितलंच होतं, मामेसासरे इंग्लंडात होते तेव्हाचा, तिकडे १९८१ च्या नोव्हेंबरात सीबी, म्हणजे सामान्य लोकांचा छोटा बोलायचा रेडिओ, कायदेशीर झालं त्या काळातला एफएमवाला. त्याचे चाळीस चॅनल २७.६०१२५ मेगाहर्ट्झपासून वर जातात, दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतराने. आपल्याकडे सीबी २६.९५७ ते २७.२८३ एवढंच आहे, म्हणजे हा डब्बा जसा आला तसा भारतात कुठल्याच चॅनलवर बोलायच्या कामाचा नव्हता. माळ्यावर पडून होता. पण हॅमच्या १० मीटर बँडवर, म्हणजे २८ ते २९.७ मेगाहर्ट्झमध्ये आणायला यापेक्षा बरा सेट नाही मिळत. अमेरिकन सेटमध्ये चॅनलच्या मध्ये मध्ये गॅप असतात आणि २३ नंबरचा चॅनल २५ च्याही वर जाऊन बसतो, कोणी केलं देव जाणे. हा ब्रिटिश मात्र एका रांगेत सरळ.

तर केलं काय, ते ऐक. आतली पीएलएलची, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारी आयसी सान्योची एलसी७१३७, तिच्यात फ्रिक्वेन्सीचा तक्ता कारखान्यातच कोरलेला, आपण बाहेरून फक्त चॅनल नंबर सांगू शकतो. तिला काही शिकवता येत नाही, म्हणून ती काढली. तिच्या जागी एमसी१४५१५१ टाकली, जिला भागाकाराचा आकडा थेट पायांवर द्यायचा. इथे नागपुरात बर्डीवर मोदी नंबर तीनमधून नॅनो बोर्ड, म्हणजे प्रोग्राम करायचा इवलासा कंप्युटर, आणि दोन ५९५ चिप आणल्या, नॅनो आकडा काढतो, ५९५ तो आयसीच्या पायांवर धरून ठेवतात. गणित इतकं सरळ निघालं की मलाच मजा वाटली. सेटमधलं १०.२४० चं क्रिस्टल तसंच ठेवलं, त्याला २०४८ ने भागलं की बरोबर ५ किलोहर्ट्झ, हे आपलं एक पाऊल, आणि पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीत अशी किती पावलं तोच तो आकडा. या सेटमध्ये ट्रान्समिटचा व्हीसीओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट, निम्म्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि पुढे दुप्पट होतो, म्हणून २९.६०० साठी व्हीसीओ पाहिजे १४.८०० वर, आकडा २९६०. रिसीव्हला आयएफ, म्हणजे रिसीव्हरच्या आतली ठरलेली फ्रिक्वेन्सी, १०.६९५ वजा कर, १८.९०५ राहतात, आकडा ३७८१. चॅनल वाढला की ट्रान्समिटचा आकडा एकने आणि रिसीव्हचा दोनने वाढतो, बस, एवढाच प्रोग्राम. बाकीच्या ओळी बटण आणि डिस्प्लेच्या.

पण खरं प्रोग्रामिंग इथून सुरू होतं, आणि यासाठीच एवढं लांब लिहून राहिलो. चॅनल १ आता २९.३१० वर आहे आणि ४० वर २९.७००. तुला वाटेल चाळीसच्या चाळीस आपले. नाहीत. २९.३०० ते २९.५१० हा तुकडा उपग्रहांचा आहे, तिथे वरून येणारं ऐकतात लोक, खालून कोणी बोलायचं नसतं. एओ-७ नावाचा म्हातारा उपग्रह अजून तिथे येतो, १९७४ ला सोडलेला, १९८१ मध्ये बॅटरी बसली म्हणून सगळ्यांनी मेला असं धरलं आणि २००२ मध्ये नुसत्या उन्हावर परत बोलायला लागला. त्याचा आवाज इतका बारीक असतो की आपल्या चार वॅटने कोणाचंही ऐकणं मोडेल. म्हणून १ ते २१ या चॅनलवर पीटीटी, म्हणजे माइकचं बोलायचं बटण, दाबलं तरी सेट ट्रान्समिट करणार नाही, नॅनो अडवतो. तिथे ऐकायला मिळेल पण तो सगळा एसएसबी (आवाज पाठवायची वेगळी पद्धत) आणि मोर्सचा कारभार, एफएमवर नुसती खरखर. ४० पण बंद, कारण २९.७०० ही बँडची हद्दच आहे, कॅरियर, म्हणजे आपली मुख्य लहर, हद्दीवर उभा केला की निम्मा आवाज शेजारच्याच्या वावरात. राहिले अठरा. त्यातही २२, २४, २६, २८ हे रिपीटरचे, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनचे, इनपुट, त्यांच्यावर आपसात गप्पा मारू नको. ३० नंबर म्हणजे २९.६००, कॉलिंगचा, म्हणजे आधी हाक मारायचा, सेट चालू केला की तिथेच उघडतो. ३२, ३४, ३६, ३८ रिपीटरचे आउटपुट, तिथे मागचं छोटं बटण दाबलं की ट्रान्समिट १०० किलोहर्ट्झ खाली जातं. काही रिपीटर आवाजासोबत टोन आला तरच उघडतात, तो टोन बोर्ड मी बसवला नाही, टोन मागणारा रिपीटर उघडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नंतर फोन करून शिव्या देऊ नको.

कोडमध्ये ते कुलूप एका ओळीत आहे, तुला दिसेलच, आणि तुला ती काढता येते हेही मला माहीत आहे. काढू नको.

आणखी एक अडवणूक केली आहे, आयसीच्या लॉकच्या पायावर नॅनो नजर ठेवतो आणि व्हीसीओ जागेवर बसल्याशिवाय ट्रान्समिट सोडत नाही. त्यामुळे पीटीटी दाबल्यावर किंचित थांबून बोल. डिस्प्लेवर आडव्या रेघा दिसल्या तर लॉक सुटलं, मग झाकण उघडून व्हीसीओची कॉइल बघ. मल्टीमीटर कंट्रोल व्होल्टेजवर लाव, चॅनल बदलत जा, आकडा हळूहळू सरकला पाहिजे, एका टोकाला जाऊन चिकटायला नको. कॉइलमधला कोअर फिरवायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालू नको, तो जवळ नेला की फ्रिक्वेन्सी पळते आणि काढला की परत येते, वेड लागेल. मी प्लॅस्टिकची विणायची सुई घासून चपटी केली आहे, ती डब्यातच टाकतो, आईची आहे, हरवू नको. कोअरवर मेण लावलेलं आहे, ओढाताण करू नको, फुटला तर तसला दुसरा मिळत नाही. रिसीव्हच्या आणि ड्रायव्हरच्या कॉइल्स मी २९.६०० वर पीक करून, म्हणजे सिग्नल सगळ्यात जोरात येईल अशा लावून, ठेवल्या आहेत, त्यांना हात लावायचं कामच नाही.

सप्लाय १३.८ व्होल्टचा घे, मोबाईल चार्जरछाप स्वस्त एसएमपीएस नको, तो रिसीव्हरमध्ये भुरभुर घालतो. इथे उन्हाळ्यात बिल्डिंगभर कूलर सुरू झाले की तीच गत, पण एफएम असल्यामुळे सिग्नल जरा बरा असला की सगळं दबून जातं. अँटेनाला डायपोल कर, प्रत्येक बाजू २.४१ मीटर, पण तार अडीच मीटर कापून सुरुवात कर आणि टोक मागे दुमडत आण, कापत सुटू नको. आधी ५० ओमच्या डमी लोडवर, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायच्या रेझिस्टरवर, लावून बघ, मग अँटेनावर.

आणि या सेटवर तू आणि मी बोलू असं समजून बसला असशील तर ते डोक्यातून काढ. पुणे-नागपूर आपण स्किपच्या खड्ड्यात आहोत, लहरीला जमिनीवरून जायला लांब आणि वर आकाशातल्या थरावर आपटून खाली पडायला फार जवळ. दुपारनंतर बँड उघडला तर युरोपवाला ऐकू येईल, बाजूच्या जिल्ह्यातला नाही. बँड उघडणं सूर्याच्या जोरावर असतं, सूर्यावरच्या डागांची ही सायकल २०२४ च्या ऑक्टोबरात शिगेला पोचली, आता उतार लागला आहे, म्हणून यंदाचा हिवाळा वाया घालवू नको. उन्हाळ्यात दुसऱ्या वाटेने उघडतो, पण त्याचा काही भरवसा नाही.

पैशाचं विचारलं होतंस, ते राहू दे. काकूंना नमस्कार सांग आणि तार बांधून झाली की २९.५२, २९.६० आणि २९.६९ या तिन्ही ठिकाणचा एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळली त्याचा आकडा, मला मेसेज कर, तारेचं पुढे काय करायचं ते त्यावरून सांगतो.

तुझाच,
बंड्या