संगणक भंगारात घालण्याआधी त्याची हार्डडिस्क काढून पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून अनेक शाळा, वाचनालये, अभ्यासिका आणि लहान कार्यालये आपल्याकडील संगणकांचे काय करावे या विवंचनेत आहेत. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी यंत्रेही एका दिवसात टाकाऊ ठरली. माझी विनंती एवढीच आहे की, ती किलोच्या भावाने विकण्यापूर्वी हार्डडिस्कशिवाय, नेटवर्कवरून सुरू करून पाहावीत. हा प्रयोग मी स्वतःच्या घरी केला आहे आणि त्यातले फायदे-तोटे दोन्ही भोगले आहेत.

सोलापूरच्या पूर्व भागात, राहत्या घराच्या तळमजल्यावर मी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी लहानशी अभ्यासिका चालवतो. तेथील आठही संगणक देणगीदाखल मिळालेले, म्हणजे कोणी तरी आधीच नाकारलेले आहेत. गल्लीत यंत्रमाग असल्याने कापसाचे तूस खिडक्या बंद ठेवल्या तरी आत येते आणि पंख्याच्या पात्यांवर बसते. त्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की डब्याच्या आतले तापमान काय होत असेल याची कल्पना करावी. चार वर्षांत माझ्याकडे पाच हार्डडिस्क गेल्या, प्रोसेसर मात्र एकही गेला नाही. दुकानदाराने दर वेळी नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. मला त्यातून उलटाच प्रश्न पडला: मरणारा भाग एकच असेल, तर तो प्रत्येक यंत्रात ठेवायचाच कशाला?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची डिस्क नसलेली वर्कस्टेशने १९८० च्या दशकातच वापरात होती, त्यासाठी लागणारा बूटपी हा नियम १९८५ साली लिहिला गेला, आणि इंटेलने पीएक्सईची, म्हणजे संगणक नेटवर्कवरून सुरू करण्याच्या, जाणकार जिला ‘पिक्सी’ म्हणतात त्या पद्धतीची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या वीस वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉपच्या नेटवर्क कार्डात ही सोय असते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, ती बहुधा बंद असते आणि आपण तिकडे कधी पाहत नाही, एवढेच.

बटण दाबल्यावर नेटवर्क कार्ड सगळ्या नेटवर्कला हाक घालते, की मला पत्ता द्या आणि सुरू होण्यासाठी कोणती फाईल कोठून घ्यायची ते सांगा. पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा या हाकेला उत्तर देते; मग टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने एक छोटी फाईल उतरते, ती फाईल लिनक्स या मोफत प्रणालीचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आणते, आणि कर्नल सर्व्हरवरचे एक फोल्डर किंवा प्रतिमा (संपूर्ण डिस्कची एका फाईलमधली प्रत) स्वतःची डिस्क समजून जोडून घेते. सर्व्हर म्हणून माझ्याकडे आठ जीबी रॅमचा एक जुनाच डेस्कटॉप आहे, ज्यात मी दोन एसएसडी एकमेकींची प्रत राहतील अशा बसवल्या आहेत. त्यावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार), डीएनएसमास्क (हाकेला उत्तर देणारे) आणि एलटीएसपी (प्रतिमा तयार करून पुरवणारे) ही मोफत सॉफ्टवेअर चालतात. एलटीएसपी हा प्रकल्प १९९९ पासून याच कामासाठी आहे, त्यामुळे चाक नव्याने घडवावे लागत नाही.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून झालेली चूक मुद्दाम सांगतो, कारण ती बहुतेक जण करतील. घरात इंटरनेटचा राउटर आधीच पत्ते वाटत होता आणि मी सर्व्हरवर पत्ते वाटणारी दुसरी सेवा सुरू केली. तासाभरात वरच्या मजल्यावरून इंटरनेट बंद पडल्याची तक्रार आली, कारण घरातले मोबाइल माझ्या सर्व्हरकडून चुकीचे पत्ते घेऊन बसले होते. डीएनएसमास्कमध्ये ‘प्रॉक्सी’ नावाची सोय आहे. तीत पत्ते राउटरच वाटतो आणि सर्व्हर फक्त बूट फाईलचे, म्हणजे सुरू होण्याच्या फाईलचे, नाव सांगतो. ती वापरली आणि घरात शांतता नांदली.

दुसरी अडचण टीएफटीपीची. मूळ नियमाप्रमाणे ही पद्धत एका वेळी ५१२ बाइट पाठवते आणि पोच मिळेपर्यंत थांबते, त्यामुळे मोठी फाईल तिच्या हवाली केली की चहा करून यावे. म्हणून टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा छोटा प्रोग्राम द्यावा आणि पुढचे सारे एचटीटीपीने, म्हणजे वेबपाने ज्या पद्धतीने येतात तिने, आणावे. मात्र आयपीएक्सई सुरू झाल्यावर पुन्हा तीच हाक घालतो. त्याला ओळखून वेगळे उत्तर देण्याची सूचना सर्व्हरला दिली नसेल, तर तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा उतरवत बसतो. शिवाय जुन्या बायोसला एक फाईल लागते आणि बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयच्या यंत्राला दुसरी, आणि सिक्युअर बूट ही सुरक्षा-सोय चालू असेल तर डिजिटल सही नसलेली फाईल नाकारली जाते. माझ्या आठांपैकी तीन यंत्रे यापायी आठवडाभर रुसून बसली होती.

तरीही सर्वांत जास्त वेळ गेला तो केबलमध्ये, आणि माझ्या मते खरा खर्चही तेथेच करावा. गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, वेगाला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. १०० मेगाबिटचे काम दोन जोड्यांत भागते. क्रिंपिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार नीट बसली नाही, तर केबल बहुधा बंद पडत नाही, ती गुपचूप १०० वर उतरते आणि आपण सर्व्हरला दोष देत राहतो. आठ संगणकांनी सकाळी एकदम प्रत्येकी ३०० मेगाबाइट मागितले, तर एकूण २,४०० मेगाबाइट होतात (एक बाइट म्हणजे आठ बिट). सर्व्हरची केबल १०० मेगाबिटवर अडकली असेल, तर त्याला किमान २०० सेकंद लागतात. गिगाबिटवर तेच काम पंचवीस सेकंदांच्या आत उरकते. वायफायवर पीएक्सई चालत नाही, असे गृहीत धरूनच खोलीची आखणी करावी.

आता रोजच्या वापराबद्दल. विद्यार्थ्याला मिळणारी प्रणाली केवळ वाचण्यापुरती असते, त्याने केलेले बदल रॅममध्ये राहतात आणि यंत्र बंद होताच जातात; त्याचे स्वतःचे कागद तेवढे सर्व्हरवर जपले जातात. अद्ययावत करायचे ते एकाच प्रतिमेत. पूर्वी अचानक वीज गेली की डिस्क तपासण्याचा सोपस्कार चाले आणि एखादे यंत्र उठतच नसे. आता वीज आली की बटण दाबायचे. सर्व्हर आणि स्विच (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात ती पेटी) मात्र यूपीएसवर हवेत.

याची दुसरी बाजूही आहे. १८७७ साली आपल्या शहरात जुनी मिल उभी राहिली, त्या काळच्या गिरण्यांत एका वाफेच्या इंजिनावर लांबलचक शाफ्ट फिरे आणि पट्ट्यांच्या जोरावर सगळे माग चालत. इंजिन थांबले की खाते थांबे. आमचेही तसेच आहे. सर्व्हर बंद पडला, तर आठही पडदे गोठतात. म्हणून सर्व्हरमधल्या दोन एसएसडींशिवाय तयार केलेली आणखी एक एसएसडी मी कपाटात ठेवली आहे आणि ती लावून पाहण्याची रंगीत तालीम दर महिन्याला करतो. टीएफटीपीला पासवर्ड नसतो, त्यामुळे प्रतिमेत कोणतेही गुपित ठेवू नये आणि हे नेटवर्क बाहेरच्यांना खुले नसावे. दोन जीबी रॅमवर आजचा ब्राउझर धापा टाकतो, चार जीबी असावी. टॅलीसारख्या विंडोजवरच्या कामासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

शहरातील शाळांनी व वाचनालयांनी यंदाच्या उन्हाळी सुटीत निदान एका खोलीत हा प्रयोग करावा. नेटवर्कचा पोर्ट चालू असलेली यंत्रे बाजूला काढावीत, नव्या संगणकांच्या तरतुदीतून आधी केबल, गिगाबिट स्विच, एक सर्व्हर आणि त्याचा यूपीएस घ्यावा, आणि ही व्यवस्था सांभाळणारी किमान दोन माणसे तयार करावीत. एकच माणूस जाणकार असला आणि त्याची बदली झाली, तर पुढच्या वर्षी ती खोली कुलूपबंद झालेली दिसेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक अभ्यासिका-चालक, पूर्व भाग, सोलापूर