राजकारणाचा पहिला धडा पांझरेच्या फडावर

मा. संपादक,
स. न.

अकरावीला राज्यशास्त्र घेतलेल्या मुलांचे पालक भेटले की बहुतेकांचे एकच सांगणे असते: ‘सर, पोऱ्याले राजकारणना नाद नको.’ त्यांच्या डोळ्यांसमोर झेंडे, पक्षांतरे आणि निवडणुकीनंतर भावकीत उरणारे वैर असते. त्यांना दोष देता येत नाही. पण मुलेही तीच समजूत घेऊन वर्गात बसतात, याची मला काळजी वाटते.

म्हणून मी पहिला तास पांझरा नदीच्या फड पद्धतीवर घेतो. आपल्या धुळे जिल्ह्यात ही सिंचनाची रीत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, म्हणजे मोठे पट्टे. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात कोणते ते सगळ्यांनी बसून ठरवायचे. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे. मालकाने आपल्या हाताने पाट फोडून पाणी घ्यायचे नाही. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने तोटा एकट्याच्या माथी बसत नसे. नियम कोणी करायचा, तो कोणी पाळून घ्यायचा, टंचाईत झळ कोणी सोसायची, हे सगळे राजकारणच आहे. ज्याच्याकडे फडात जमीन नव्हती त्याला त्या बैठकीत आवाज नव्हता, हेही मी मुलांना सांगतो, कारण सत्तेचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, पाण्याचा निर्णय पाटबंधारे खात्याकडे गेला आणि कित्येक फड मोडकळीला आले.

अमेरिकन अभ्यासक हॅरॉल्ड लासवेल यांनी 1936 मध्ये राजकारणाची व्याख्याच अशी केली की कोणाला काय, केव्हा आणि कसे मिळते. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि ठराव होता शेतसारा, कुळाने द्यायचा खंड आणि शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. त्यांना कोणी ‘राजकारणाचा नाद’ म्हणाले असते का?

कोणाला काय मिळते, हा प्रश्न आज ग्रामसभेत येतो. कायद्याने गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग विकास आराखडा आणि घरकुलाच्या याद्या मूठभर माणसांसमोर मंजूर होतात. राजकारण नको म्हणून घरी बसलेल्या माणसाचे घरकुलसुद्धा तिथेच ठरते.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे. राजकारणाच्या पानावर कोण कोणत्या पक्षात गेले हे रोज असते. कालवा सल्लागार समितीने कालव्याच्या पाण्याचे आवर्तन (पाळी) किती दिवसांचे ठरवले, शेवटच्या चारीला पाणी पोचले की नाही, हे मात्र आतल्या पानावर चार ओळींत उरकते. ते राजकारणाच्या पानावर घ्यावे. शिवाय 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आधी तालुक्यातल्या ग्रामसभांचे विषय छापावेत. माझे विद्यार्थी ते वाचतील, आणि त्यांच्या गावची सभा असेल तेव्हा मी त्यांना वर्गाऐवजी सभेला पाठवीन.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक, साक्री (जि. धुळे)