छकुलीच्या बोलण्याविषयी सुमनला

लातूर

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्व खुशाल आहोत. यांचे गुडघे दुखतात, ते चालायचेच. आमच्या नातीविषयी, लेकीच्या छकुलीविषयी लिहिते आहे, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला समजणार नाही.

दीड वर्ष उलटले तरी तिच्या तोंडी दोन-चारच शब्द होते. कान तपासून घेतले. ऐकू उत्तम येते. परवा न्हाऊ घालताना नेहमीप्रमाणे “आता हात, आता पोट, आता…” म्हणून मी थांबले, तर तिने पाय पुढे केला आणि स्पष्ट म्हणाली, “पाय!” तेल, तांब्या, पंचा हा क्रम आणि माझे शब्द रोज तेच असतात, त्यामुळे पुढे काय येणार हे तिला आधीच ठाऊक असते आणि सारे लक्ष त्या एका शब्दावर राहते. अंगणवाडीत दर आठवड्याला नवे गाणे हवे म्हणून तू माझ्याशी किती भांडायचीस! मी अजूनही म्हणते, नवे गाणे आपल्याला हवे असते, लेकराला तेच हवे असते.

लेकीने मला डेब रॉय या संशोधकाविषयी वाचून दाखवले. त्याने घरात छताला कॅमेरे बसवून आपल्या मुलाची पहिली तीन वर्षे टिपली, आणि २०१५ साली त्याच्या गटाने मांडले की एखादा शब्द किती वेळा कानी पडतो यापेक्षा तो ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक कामात येतो का, यावरून मूल तो कधी बोलेल हे अधिक नेमके सांगता येते.

हेच वाचून दाखवणारी लेक दसऱ्यानंतर छकुलीला पुण्याच्या पाळणाघरात ठेवणार आहे. तिने नोकरी सोडावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण जागा नवी, माणसे नवी, जेवणाची वेळ नवी, आणि नुकते फुटू लागलेले बोलणे तिथे अडले तर? न्हाण्याचे, जेवणाचे आणि निजवण्याचे आमचे शब्द क्रमाने लिहून तिथल्या बाईंना द्यावेत, असे मनात आहे.

ऊसतोडीहून परतलेली लेकरे आधी गप्प बसून राहायची, आणि तू त्यांना खिचडीच्या पंगतीत बोलती करायचीस. हात धुण्यापासून ताट उचलण्यापर्यंत तू नेमके काय म्हणायचीस आणि कुठे थांबायचीस, ते सविस्तर लिही. मला ते त्या कागदात घालायचे आहे.

सुनेची बदली झाली का? अंबाजोगाईच्या काकूंना नमस्कार सांग. उत्तर दसऱ्याच्या आत पाठव.

तुझी,
मंगल